निळ्या रंगातले प्रश्न

आज पाहुणे नाहीत, मी एकटीच आहे. विषय सांगताना जरा अवघडल्यासारखं होतंय, कारण चूक आमची आहे.

गेल्या महिन्यात सोलापूरच्या एका मुलाची व्हॉइस नोट आली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला दिसत नाही. फोन तो टॉकबॅक लावून वापरतो, म्हणजे पडद्यावर जे असेल ते फोन त्याला वाचून दाखवतो. तो म्हणाला, "ताई, भूजलावरचा तुमचा भाग मी वर्गातल्या सादरीकरणासाठी वापरला. ऑडिओत मागेपुढे करून वाक्यं शोधत बसायला वेळ लागतो, म्हणून लेखी रूप लावलं. त्यात त्या मॅडम म्हणतात, स्वतःच्या शेतात विहीर खोदायला कुणाची परवानगी कशाला हवी? मी तसंच सांगितलं. सर म्हणाले, अरे, त्या बाईंनी अख्खं आयुष्य याच्या उलट सांगण्यात घालवलंय."

मी पान उघडून बघितलं. ते वाक्य माझं होतं. मुद्दाम उलट्या बाजूने विचारलेला प्रश्न.

लेखी रूपात आम्ही माझे प्रश्न निळ्या रंगात टाकतो आणि पाहुण्यांची उत्तरं काळ्या. नावं लिहीत नाही, कारण दर दोन ओळींनी नाव आलं की पान गिचमिड दिसतं, असं आमच्या टीमचं (त्यात मीही आले) ठाम मत होतं. डोळ्यांना ते लख्ख कळतं. टॉकबॅक मात्र रंग वाचत नाही. त्या मुलाच्या कानात एकच माणूस पाऊण तास सलग बोलत होता, आणि मधूनमधून स्वतःलाच प्रश्न विचारत होता.

मग मी आमच्या सीएमएसमध्ये शिरले. सीएमएस म्हणजे मजकुराचं कोठार. लेख, फोटो, तारखा सगळं तिथे ठेवायचं आणि वेबसाइटने किंवा ॲपने तिथून उचलून दाखवायचं. तिथे आमचा भाग म्हणजे एकच लांबच लांब मजकूर होता आणि त्यात जागोजागी लिहिलेलं होतं: इथून निळं सुरू, इथे निळं संपलं. कोण बोलतंय हे कुठेच नव्हतं. ती माहिती आम्ही कधी साठवलीच नव्हती. रंग साठवला होता.

आता असं वाटेल की हा आजकालच्या वेब डेव्हलपर लोकांचा आळशीपणा आहे. मलाही तेच वाटलं. पण शोधायला बसले तर हाच घोटाळा साठ वर्षांत चार-पाच वेळा झालेला सापडला. दर वेळी शहाण्या माणसांकडून.

सुरुवात छापखान्यातून करू. खिळे जुळवून छापायच्या काळात लेखकाचं हस्तलिखित आधी संपादकाच्या टेबलावर जायचं. तो समासात खुणा करायचा: हे शीर्षक, हे मोठ्या टायपात, इथे नवा परिच्छेद, हे अवतरण आत सरकवून. मग तो कागद जुळाऱ्याकडे. जुळारी त्या खुणा वाचून खिळे उचलायचा. या खुणा करण्यालाच इंग्रजी छापखान्यात 'मार्कअप' म्हणत. आपल्या 'एचटीएमएल'मधला 'एम' तिथून आला. गंमत बघा, जुळाऱ्याला नुसतं 'शीर्षक' एवढं लिहून दिलं तरी चालायचं. शीर्षक कुठल्या टायपात लावायचं हे त्याला आपल्या छापखान्याच्या रिवाजाने ठाऊक असायचं.

१९६० च्या दशकात अमेरिकेत छपाईसाठी कॉम्प्युटर आले आणि जुळाऱ्याचं हे डोकं मधून गळालं. यंत्राला सगळं फोडून सांगावं लागे: दोन ओळी सोड, इतकं सरकव, आता हा टाइप. हे हुकूम थेट मजकुराच्या पोटात घुसडलेले असत, आणि प्रत्येक यंत्राची हुकमांची भाषा वेगळी. यंत्र बदललं की सगळा मजकूर नव्याने. १९६७ च्या सप्टेंबरमध्ये विल्यम टनिक्लिफ नावाच्या गृहस्थांनी कॅनडाच्या सरकारी छापखान्यात भरलेल्या एका बैठकीत मांडलं की मजकुरात काय आहे आणि तो कसा दिसणार, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. ते छपाई व्यवसायाच्या संघटनेतले होते. कॉम्प्युटरवाले नव्हते.

त्यानंतर येतात चार्ल्स गोल्डफार्ब. हा माणूस मुळात वकील. हार्वर्डमधून कायद्याची पदवी, बोस्टनमध्ये वकिली, आणि मग तिथून थेट आयबीएममध्ये. १९६९ मध्ये त्यांच्याकडे काम आलं वकिलांच्या कचेरीसाठी एक व्यवस्था करायचं. कागदपत्रं साठवता आली पाहिजेत, त्यात शोध घेता आला पाहिजे, दुरुस्ती करून छापता आलं पाहिजे. तीन कामांना तीन वेगळे प्रोग्राम होते. अडचण अशी की छापणाऱ्या प्रोग्रामचे हुकूम शोधणाऱ्याला कळेनात आणि शोधणाऱ्याचे दुरुस्तीवाल्याला. फाइल एक, पण तिघांना तीन भाषांत हवी.

गोल्डफार्ब आणि त्यांचे सहकारी एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी यांनी ठरवलं की फाइलमध्ये हुकूम लिहायचेच नाहीत. 'हे शीर्षक आहे', 'हा परिच्छेद आहे', 'ही यादी आहे' एवढंच लिहायचं. मग छापणारा शीर्षक मोठं छापेल, शोधणारा शीर्षकातल्या शब्दाला जास्त महत्त्व देईल. ज्याला जे करायचं ते तो करेल. या भाषेला नाव दिलं 'जीएमएल'. लांब नाव 'जनरलाइज्ड मार्कअप लँग्वेज', पण अक्षरं तिघांच्या आडनावांची: गोल्डफार्ब, मोशर, लॉरी. पुढे तिच्यावरून 'एसजीएमएल' झाली आणि १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मंजूर झाली.

मला या गोष्टीत वकील आवडतो. कायद्याच्या कागदात 'कोण म्हणालं' याला फार किंमत असते. वादीने म्हटलं की प्रतिवादीने, की न्यायाधीशाने. आमच्या निळ्या रंगावर गोल्डफार्ब काय म्हणाले असते याचा मी विचार न केलेला बरा.

पण याच काळात दुसरीकडे नेमकं उलट काम चाललं होतं, आणि तेही तितकंच हुशार होतं. कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात १९७४ मध्ये बटलर लॅम्पसन, चार्ल्स सिमोन्यी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ब्राव्हो' नावाचा प्रोग्राम केला. त्यात पडद्यावर ठळक केलं की ठळक दिसायचं आणि कागदावरही तसंच उमटायचं. दिसेल तसं छापेल. सिमोन्यी पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि त्यांच्याच देखरेखीखाली 'वर्ड' तयार झाला. आज तुम्ही-आम्ही शीर्षक कसं करतो? ओळ निवडायची, 'बी' दाबायचं, आकार वाढवायचा. झालं शीर्षक. फाइलला मात्र एवढंच माहीत असतं की काही अक्षरं जाड आहेत. शीर्षक हा शब्द तुमच्या डोक्यात राहिला.

मी 'ब्राव्हो'ला नावं ठेवणार नाही. लिहिणाऱ्या माणसाला समोर दिसणं हवंच असतं. 'हे शीर्षक आहे' असं कोऱ्या पडद्यावर टाइप करून समाधान मानणारी माणसं फार थोडी. एवढंच, की यानंतर जे जे झालं ते या दोन विचारांच्या ओढाताणीत झालं.

आता वेब. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत एचटीएमएल लिहिली आणि १९९१ मध्ये वेब लोकांसमोर आलं. त्यातल्या शीर्षकाच्या आणि परिच्छेदाच्या खुणा, एच-वन, पी वगैरे, सर्नमध्ये आधीपासून वापरात असलेल्या एसजीएमएल घराण्यातल्या खुणांवरून घेतलेल्या. सुरुवातीच्या एचटीएमएलमध्ये रंग नव्हता, फाँट नव्हता. शीर्षक आहे एवढं सांगायचं, दाखवायचं कसं ते वाचणाऱ्याच्या ब्राउझरने बघायचं. म्हणजे वकिलाचा विचार जसाच्या तसा.

तो फार टिकला नाही. १९९४ च्या शेवटी नेटस्केप आला, कंपन्या वेबवर आल्या, आणि प्रत्येकाला आपलं पान मासिकासारखं दिसायला हवं होतं. ब्राउझरवाल्यांनी 'फाँट' नावाची खूण दिली: आकार सांगा, रंग सांगा. लोक तुटून पडले. पान नीट आखायला आकड्यांचे तक्ते मांडायची खूण वापरायला लागले आणि मोकळी जागा सोडायला एका ठिपक्याएवढं पारदर्शक चित्र ताणून बसवायला लागले. ही युक्ती ज्यांच्या पुस्तकाने घरोघरी पोचवली त्या डेव्हिड सीगल यांनी १९९७ मध्ये स्वतःच लेख लिहून कबूल केलं की वेबचं वाटोळं झालं आणि ते मी केलं. इतकी मोकळी कबुली आपल्या धंद्यात क्वचित मिळते. तोवर हॉकोन व्हियुम ली या नॉर्वेच्या माणसाने १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये सुचवलेलं सीएसएस, म्हणजे दिसण्याचे नियम वेगळ्या कागदावर ठेवायची सोय, १९९६ च्या डिसेंबरमध्ये अधिकृतही झालं होतं. पण ब्राउझरांनी ते नीट पाळायला पुढची कित्येक वर्षं घेतली.

इथे थोडं थांबते, कारण याच वर्षांत मराठीत जे घडलं ते याहून भारी होतं. आपण रंग-आकार साठवून थांबलो नाही. आपण अख्खं अक्षरच दिसण्यावरून साठवलं.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवणार नाही. २००० च्या आसपास मराठी वर्तमानपत्राची साइट उघडली की आधी सूचना यायची, हा फाँट उतरवून घ्या. नाही घेतला तर पानभर रोमन अक्षरं, कंस आणि टिंबांची मिसळ. कारण फाइलमध्ये मराठी नव्हतंच. फाइलमध्ये रोमन अक्षरांचे क्रमांक होते, आणि फाँटमध्ये त्या क्रमांकांच्या जागी 'क'चं, वेलांटीचं, रफाराचं चित्र बसवलेलं होतं. फाँटागणिक बसवणूक वेगळी. चित्र काढून घेतलं की मराठी गेली.

आणि क्रमही दिसण्याचा. 'किती' हा शब्द बघा. आपण उच्चारताना आधी 'क' येतो, मग 'इ'. पण पहिली वेलांटी दिसते 'क'च्या आधी. त्या फाँटांत ती आधीच टाइप करायची आणि आधीच साठवायची, जुळारी खिळे लावायचा त्याच क्रमाने. युनिकोडमध्ये साठवण उच्चाराप्रमाणे होते: क, मग वेलांटी. तुमच्या फोनमधला अक्षरं मांडणारा प्रोग्राम ती वेलांटी उचलून डावीकडे नेतो. 'स्थिती'मध्ये तर त्याला 'स्थ' हे अख्खं जोडाक्षर ओलांडून यावं लागतं. 'सर्व' लिहिताना र आधी साठवला जातो आणि रफार होऊन 'व'च्या डोक्यावर जाऊन बसतो. हे काम तुमचा फोन दर सेकंदाला करत असतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. साठवलेलं वेगळं, दाखवलेलं वेगळं, मध्ये मांडणी करणारा. अँड्रॉइडच्या अगदी सुरुवातीच्या फोनांवर हा मांडणी करणारा देवनागरीसाठी नव्हता, तेव्हा मराठी मेसेजच्या जागी चौकोन दिसायचे.

हा विचार भारतात कुणाला सुचलाच नव्हता असं मुळीच नाही. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं 'जिस्ट'चं काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं, आणि त्यातून आलेली 'इस्की' ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. तिच्यात अक्षरं उच्चाराच्या क्रमानेच साठवायची, आणि बहुतेक भारतीय लिप्यांना एकच क्रमांक. म्हणजे देवनागरीचा 'क' आणि कन्नडचा 'क' साठवणीत एकच. तीच फाइल लिपी बदलून दाखवली की मजकूर कन्नड अक्षरांत वाचता यायचा. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चाट पडले होते. युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही 'इस्की'च्याच १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली. म्हणजे योग्य रस्ता पुण्यात हजर होता. पण डीटीपीच्या दुकानात, प्रेसमध्ये फाँट चालत होते, पान सुंदर दिसत होतं, उद्याचा अंक काढायचा होता. उद्याचा अंक काढणाऱ्याला दहा वर्षांनंतरच्या शोधाची काळजी कशी असणार?

नोकरीच्या पहिल्या वर्षी मला एका साप्ताहिकाचा जुना मजकूर नव्या साइटवर आणायचं काम मिळालं होतं. नाव सांगत नाही. बहुतेक फाइली रूपांतर करणाऱ्या प्रोग्राममधून निघाल्या. दोन वर्षांचे अंक मात्र अशा फाँटात होते, ज्याचं नाव फाइलीत होतं आणि फाँट कुणाकडेच नव्हता. तो ज्या सीडीत होता ती सीडी कपाटात सापडली, पण चालेना. शेवटी छापील अंक समोर ठेवून, कुठल्या रोमन अक्षराच्या जागी कुठलं चित्र असेल याचा तक्ता आम्ही हाताने बनवला. छापील अंकच नसते तर? ते दोन वर्षांचं लेखन फाइलीत असूनही नसल्यासारखं झालं असतं.

त्याच कामात मी एक उलटी गोष्टही शिकले. दिसणं म्हणजे वरवरचं, असं सरसकट नसतं. 'आचार्यांना जेवायला वाढा' आणि 'आचाऱ्यांना जेवायला वाढा'. पहिल्यात गुरुजी जेवणार, दुसऱ्यात स्वयंपाकी. फरक काय, तर र कसा दिसतो एवढाच. रफार की पापणीसारखा आडवा. इथे दिसणं हाच अर्थ आहे, आणि म्हणून तो साठवणीत उतरायलाच हवा. युनिकोडमध्ये नुक्ता दिलेला 'ऱ' वेगळा ठेवलाय, त्याचा मराठीला इथे उपयोग होतो. आमचा निळा रंग याच जातीचा होता. सजावट वाटत होती, पण त्यात 'कोण बोलतंय' हा अर्थ दडलेला होता. तो बाहेर काढून नावानिशी ठेवायला हवा होता.

पॉडकास्टवाल्यांना तर हे आधीच कळायला हवं होतं, कारण पॉडकास्ट हाच या विचारावर उभा आहे. तुम्ही मला कुठल्या ॲपवर ऐकताय हे मला माहीत नाही. मी फक्त एक आरएसएस फीड ठेवते: भागाचं नाव, तारीख, वर्णन आणि ऑडिओ फाइलचा पत्ता. तो पत्ता ठेवायचा कप्पा, 'एन्क्लोजर', डेव्ह वायनर यांनी आरएसएसमध्ये २००० च्या डिसेंबरमध्ये आणला. 'पॉडकास्ट' हा शब्द त्यानंतर तीनेक वर्षांनी, २००४ मध्ये, बेन हॅमर्सली यांनी 'गार्डियन'मधल्या एका लेखात वापरला. फीडमध्ये कुठेही लिहिलेलं नाही की बटण हिरवं हवं की गोल हवं. म्हणून तेच फीड फोनवर, गाडीत, घड्याळावर चालतं.

अमेरिकेतल्या एनपीआर या रेडिओ संस्थेने हेच लेखी बातम्यांना लावलं. एकदाच लिहा, सगळीकडे प्रकाशित करा, असं धोरण. डॅनियल जेकबसन यांनी २००९ मध्ये ते मांडलं. बातमीचं शीर्षक, छोटा परिचय, मजकूर, ऑडिओ, फोटो असे कप्पे वेगळे आणि त्यात वेबसाइटचं दिसणं अजिबात मिसळायचं नाही. २०१० मध्ये आयपॅड बाजारात आला तेव्हा त्यांचं ॲप पहिल्या दिवशी तयार होतं. बातम्या नव्याने लिहाव्या लागल्या नाहीत, नवा पडदा तेवढा जोडायचा होता.

बाकीचं जग मात्र वर्डप्रेसच्या एका मोठ्या खोक्यात लिहीत होतं. वर्डप्रेस २००३ च्या मे महिन्यात आलं, आणि लाखो लोकांना फुकटात प्रकाशक केलं हे त्याचं मोठं पुण्य. पण लेखाचा सगळा मजकूर डेटाबेसच्या एकाच कप्प्यात, एचटीएमएलसकट. वेबसाइट एकच होती तोवर चाललं. मग फोनची ॲप आली आणि ॲपला तो गोळा गिळेना. ६०० ठिपके रुंदीचा तक्ता चार बोटांच्या पडद्यावर कसा मांडणार? 'उजवीकडच्या चौकटीत बघा' असं लिहिलंय, आणि फोनवर उजवीकडे काहीच नाही. २०१८ च्या डिसेंबरमध्ये वर्डप्रेसने 'गुटेनबर्ग' हा ठोकळ्यांचा संपादक आणला. परिच्छेद एक ठोकळा, फोटो एक ठोकळा. लोक केवढे चिडले! आणि गंमत म्हणजे ठोकळ्यांच्या खुणा अजूनही त्याच जुन्या कप्प्यात, एचटीएमएलमधल्या न दिसणाऱ्या टिपा म्हणून लिहिल्या जातात. जुना संसार मोडता येत नाही, त्यातच भिंत घालायची.

तयार एचटीएमएल तसंच्या तसं पानावर ओतण्यात धोकाही आहे, तो मायस्पेसने २००५ मध्ये भोगला. तिथे प्रोफाइलमध्ये स्वतःचं एचटीएमएल टाकता यायचं. धोकादायक शब्द गाळायची चाळणी होती. सॅमी कामकार नावाच्या पोराने एक शब्द मध्येच ओळ तोडून लिहिला. चाळणीला तो दिसला नाही आणि काही ब्राउझरांनी मात्र जोडून वाचला. त्याचं पान उघडलं की तुमच्या नकळत तुम्ही त्याचे मित्र व्हायचात आणि तोच कोड तुमच्या पानावर चिकटायचा. वीसेक तासांत दहा लाखांवर लोक त्याचे मित्र झाले होते. पुढे फेसबुकच्या लोकांनी २०१३ मध्ये 'रिॲक्ट' खुलं केलं, तेव्हा तयार एचटीएमएल ओतायच्या सोयीच्या नावातच 'डेंजरसली' घातलं. दर वेळी टाइप करताना हात जरा थबकावा म्हणून. आमच्या साइटच्या कोडमध्ये तो शब्द होता. कुणाचा हात थबकला नव्हता.

मग आता कसं करतात? सीएमएस मजकूर गोळ्याऐवजी झाडासारखा देतं. खोड म्हणजे लेख, त्याला फांद्या: परिच्छेद, शीर्षक, अवतरण, फोटो. प्रत्येक फांदीवर तिचा प्रकार लिहिलेला. ॲप झाड चढत जातं. परिच्छेद आला की परिच्छेद मांडणारा तुकडा बोलवायचा, फोटो आला की फोटोचा. वेबसाइटचे तुकडे वेगळे, फोन ॲपचे वेगळे, झाड तेच. अशा सीएमएसला 'हेडलेस' म्हणतात, म्हणजे धड आहे, मुंडकं नाही. ज्याने त्याने आपापलं मुंडकं लावायचं. ऐकायला भयंकर आहे, पण नाव तेच रूढ झालंय.

यात एक खाचखळगा सांगते, कारण आम्ही त्यात पडलो. उद्या मी 'कौल घ्या' असा नवा प्रकार झाडात घातला आणि तुमच्या फोनवर सहा महिने जुनं ॲप असेल, तर त्याला हा प्रकार ठाऊक नाही. मग ते काय करणार? आमचं ॲप आधी बंदच पडायचं. मग कुणीतरी दुरुस्ती केली की अनोळखी प्रकार गुपचूप गाळायचा. ते जास्त वाईट! बंद पडलं तर निदान कळतं. आता अनोळखी फांदी आली तर तिच्यातला नुसता मजकूर साध्या परिच्छेदासारखा दाखवतो. ओबडधोबड दिसतं, पण शब्द हरवत नाहीत.

तर आम्ही झाड बांधायला घेतलं. 'संवाद' नावाचा प्रकार केला आणि त्यात दोन कप्पे: वक्ता आणि वाक्यं. निळं काळं काही नाही. निळा रंग वेबसाइट स्वतःच लावते, वक्ता मी असेन तर. डोळ्यांनी वाचणाऱ्याला काहीच बदललेलं दिसणार नाही. टॉकबॅकला मात्र नाव मिळतं.

जुन्या भागांचं काय? मला वाटलं एका दुपारचं काम आहे. निळं असेल तिथे माझं नाव, काळं असेल तिथे पाहुण्यांचं, प्रोग्राम चालवा, चहा प्या. चालवला. मग कळलं की एका भागात लिंका पण निळ्या केल्या होत्या. एकात तीन पाहुणे होते आणि तिघेही काळे. एकात टाइप करणाऱ्याने अर्ध्यातून रंगच सोडून दिला होता. भूजलाच्या भागात तर पाहुण्या मॅडम स्वतःच माझ्या प्रश्नाची नक्कल करतात आणि ते वाक्य कुणीतरी निळं करून ठेवलेलं. रंगावरून कोण ते ठरवताच येत नव्हतं. त्यामुळे आता प्रत्येक जुना भाग पुन्हा ऐकायचा आणि एकेका वाक्याला नाव लावायचं, असं चाललंय. एकूण ६४ भाग. २३ झाले. भूजलाचा सगळ्यात आधी केला, आणि त्यावर वर एक ओळ घातली की आधीच्या रूपात प्रश्न आणि उत्तरं ओळखू येत नव्हती. त्या मॅडमना फोन करून सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "माझं मत बदललं असतं तर मला आधी कळवलं असतंत ना?"

सोलापूरच्या त्या मुलाने दुरुस्त पान तपासून दिलं. पहिल्या रूपात आम्ही प्रत्येक परिच्छेदाआधी नाव घातलं होतं. तो म्हणाला, "ताई, हे पण नको, एकच माणूस पाच परिच्छेद बोलला तर पाच वेळा नाव ऐकावं लागतं." म्हणून आता बोलणारा बदलला तरच नाव येतं. त्याने सरांनाही नवं पान पाठवलं, आणि सादरीकरण पुन्हा करायला मागितलंय, पुढच्या आठवड्यात.

एक तक्रार त्याची अजून बाकी आहे. माझ्या वाक्यांआधी फोन 'निवेदक' म्हणतो. तो म्हणाला, "पाहुण्यांची नावं येतात आणि तुमचं तेवढं 'निवेदक', हे रेल्वेच्या अनाउन्समेंटसारखं वाटतं." ते या आठवड्यात बदलते.